पंख पुढे झुकलेली पाकोळी

आमच्या बाबांनी आयुष्यात एकच विमान काढलं आणि ते कधीच बांधलं गेलं नाही. एवढं एक वाक्य सांगितलं की लोक म्हणतात, अरेरे, आणि पुढच्या विषयाकडे वळतात. मीसुद्धा अनेक वर्षं तेवढ्यावरच थांबत होते. पण आता आईही नाही, बाबाही नाहीत, पंतनगरची आमची जुनी बिल्डिंग पाडून तिथे टॉवर उभा राहिला आहे, आणि बोरीवलीतल्या माझ्या घरात सकाळचा चहा झाला की दुपारपर्यंत बोलायला कुणी नसतं. त्या विमानाविषयी माहिती असलेली मी बहुधा शेवटचीच. म्हणून लिहिते.

ते लढाऊ विमान होतं. बाबा दक्षिणेत एका सरकारी कारखान्यात नोकरीला असताना तिथे सात-आठ जणांचा एक लहानसा गट केला होता, प्रयोग म्हणून अगदी नव्या धर्तीचं विमान काढून बघण्यासाठी. गटाचे प्रमुख देवधर साहेब, आणि पंखांचं सगळं काम बाबांकडे. अकोल्याजवळच्या एका खेड्यातल्या वस्तीतून, शिष्यवृत्तीवर शिकत शिकत आलेला माणूस विमानाचे पंख काढत होता, हे आमच्या आईला लग्नानंतर कितीतरी दिवस खरंच वाटत नव्हतं. माझा जन्म तिथलाच, पण मला त्या गावाचं काही आठवत नाही. मी जेमतेम चालायला लागले तेव्हा एके दिवशी वरून हुकूम आला की हे काम बंद. गटातली माणसं इकडेतिकडे पांगली. बाबांना दुसऱ्या विभागात टेबल देत होते, ते त्यांनी घेतलं नाही. आईला घाटकोपरच्या एका इस्पितळात नर्सची नोकरी मिळाली आणि आम्ही पंतनगरात आलो. बाबा भांडुपच्या एका कंपनीत लागले. तिथे कारखान्यांना लागणारे मोठे पंखे आणि ब्लोअर बनत. ते गमतीने म्हणायचे, 'वारा तोच आहे, फक्त जागेवरून हलत नाही.' पण त्या गमतीला आई कधी हसली नाही.

विमानाला सरकारदरबारी नाव नव्हतं, नुसता आकडा होता. बाबा त्याला पाकोळी म्हणायचे. आई म्हणायची, 'तुमचं इमान'. तिकडून निघताना त्यांनी कागदाचा एक कपटाही बरोबर आणला नव्हता, आणण्याची परवानगीच नव्हती. जे होतं ते सगळं डोक्यात. संध्याकाळी भांडुपहून आले की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि पुढच्या खोलीत जमिनीवर खाकी कागद पसरून बसायचे. दोन खोल्यांचं घर ते, त्यातली एक पाकोळीची. मी त्या कागदाच्या कडेने भिंतीला घासत आत-बाहेर करायला शिकले होते. आतून आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, स्टोव्हची घरघर, आणि डोक्यावरून थोड्याथोड्या वेळाने सहारला उतरणारी विमानं. आमच्या भागात ती इतकी खाली येत की चाकं मोजता यायची. विमान आलं की बोलणारा माणूस वाक्य मध्येच थांबवायचा आणि ते गेल्यावर तिथूनच पुढे चालू करायचा. पंतनगरात सगळेच असं बोलायचे. पुढे बोरीवलीत आल्यावरही मी मध्येच थांबायचे, तेव्हा नवरा विचारायचा, काय झालं? त्या विमानांकडे बाबा मान वर करून कधी बघत नसत. 'बस आहे ती,' म्हणायचे. 'माणसं भरायची, नेऊन सोडायची.'

पाकोळीत वेगळं काय होतं, ते त्यांनी मला एकदा बसमध्ये समजावलं. आम्ही जुहूला निघालो होतो. त्यांनी वहीच्या पुठ्ठ्याची एक पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, खिडकीबाहेर धर. पट्टीचं टोक मागे झुकवून धरलं तेव्हा वाऱ्याने ती थोडी वाकली आणि गप्प राहिली. मग म्हणाले, आता टोक पुढे कर, वाऱ्याच्या तोंडावर. केलं, तर पट्टी एकदम थरथरली, पिळवटली, आणि मी घट्ट धरेपर्यंत दुमडून गेली. 'हां,' बाबा म्हणाले, 'सगळ्या विमानांचे पंख मागे झुकलेले असतात. माझ्या पाकोळीचे पुढे. असे पंख असले की विमान कितीही कमी जागेत वळतं, हवेवरची पकड सोडत नाही. शत्रू मागे लागला तर हे गर्रकन फिरून त्याच्याच मागे.' मी दुमडलेल्या पट्टीकडे बघत विचारलं, 'पण ते तुटलं ना?' बाबा हसले. 'तेच तर माझं काम होतं. न तुटेल असं करणं.' मग जुहू येईपर्यंत ते पंखाच्या आतल्या पोलादी फासळ्यांबद्दल बोलत राहिले. त्या कशा तिरक्या बसवल्या की पंख वाकेल पण पिळणार नाही, हे सांगताना त्यांचा आवाज इतका वाढला की पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. त्या दिवशी आम्ही भेळ खाल्ली, पाण्यात पाय भिजवले, पण मला आठवते ती पुठ्ठ्याची पट्टी.

बाबांची ठाम समजूत होती की पाकोळी बंद पडली ती बाहेरून विमानं विकत घेणाऱ्यांमुळे. कुणीतरी दिल्लीत कुणाच्या तरी कानाला लागलं, आणि एक दिवस चूक लक्षात येईल, फाइल पुन्हा उघडेल, आणि देवधर साहेब आपल्याला बोलावून घेतील. साहेबांवर त्यांचा फार जीव. कॅन्टीनमध्ये पहिल्या दिवशी बाबा एका कोपऱ्यात एकटे बसले होते, तेव्हा साहेब आपलं ताट उचलून त्यांच्या समोर येऊन बसले होते. ही गोष्ट आमच्या घरी इतक्यांदा सांगितली गेली होती की साहेबांच्या ताटात त्या दिवशी काय होतं तेही मला पाठ होतं.

मी कॉलेजात जायला लागले त्या सुमारास एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या शाहबेन धापा टाकत वर आल्या. बिल्डिंगमध्ये फोन त्यांच्याकडेच होता. 'मेश्रामभाई, तुमच्यासाठी फोन आला होता. कोणी देवधर. बोलले, रविवारी तुमच्याकडे येणार, जेवायलाच येतो म्हणून सांगा.' बाबा दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून ते खाटेवर बसले. आईकडे बघून म्हणाले, 'उघडली वाटते फाइल.'

'तसं बोलले का ते?' आईने विचारलं.

'त्याशिवाय कशाला येतील? दहा माणसं सोडून माझ्याकडे? निवृत्त झाले तरी साहेबांनाच परत बोलावलं असणार.'

आई थोड्या वेळाने मला स्वयंपाकघरात ओढून हळूच म्हणाली, 'जेवतीन का गं ते आपल्याकडे?' मी म्हटलं, 'अगं, स्वतः सांगितलंय ना जेवायला येतो म्हणून.' तरी तिने मटणाचा बेत काढून टाकला आणि पातोडीचा रस्सा करायचं ठरवलं. बेसनाच्या वड्या आणि झणझणीत तर्री. गावाकडचं काळं तिखट संपलं होतं, म्हणून शुक्रवारी ड्यूटीवरून आल्यावर मसाला भाजत बसली. सगळी बिल्डिंग खोकत होती.

आणि बाबा? बाबांनी गच्ची झाडायला घेतली. साहेबांना कागदावर काय दाखवायचं, पाकोळी खऱ्या मापात दाखवू, हे त्यांच्या डोक्यात बसलं. शनिवारी रजा टाकून त्यांनी सुताराची दोरी आणि बादलीभर चुना आणला. दोरी चुन्यात भिजवायची, एक टोक मी जमिनीवर अंगठ्याने दाबून धरायचं, दुसरं बाबांनी, आणि मध्ये उचलून सोडायची. फट्‌ करून जमिनीवर सरळ पांढरी रेघ उमटायची. वळणं ते कुंच्याने काढायचे, गुडघ्यांवर रांगत. ऊन चढत गेलं. एकही माप त्यांनी कुठे बघितलं नाही. नाकाचं टोक पाण्याच्या टाकीपाशी आलं, शेपूट थेट कठड्याला जाऊन टेकलं. मधोमध ते दोन पंख, पुढे झेपावलेले, हात पसरून कुणाला तरी मिठी मारायला निघाल्यासारखे. मी टाकीवर चढून खाली बघितलं आणि पहिल्यांदा मला ते विमान म्हणून दिसलं. तोपर्यंत माझ्यासाठी पाकोळी म्हणजे ओलांडायचा खाकी कागद होता.

सोसायटीचे सेक्रेटरी सावंतकाका जिन्यातून वर आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. 'मेश्रामानू, ह्या काय करून ठेवलात? गच्ची काय तुमच्या एकट्याची आसा?'

'उद्याचा दिवस राहू द्या सावंत,' बाबा म्हणाले. 'परवा मी स्वतः धुऊन देतो.'

सावंतकाका रेघेरेघेने चालत शेपटापर्यंत गेले आणि परत आले. 'ह्या खरा उडतला?'

'उडेल.'

'मग ऱ्हवांदे,' म्हणाले आणि खाली जाऊन त्यांनीच सगळ्यांना सांगितलं की उद्या गच्चीवर पापड घालू नका.

देवधर साहेब रविवारी अकराच्या सुमारास आले. मी मनात मोठा रुबाबदार माणूस धरला होता. आले ते किडकिडीत, जाड चष्म्याचे, हातात मोसंब्यांची पिशवी घेतलेले म्हातारे गृहस्थ. ते नुकतेच निवृत्त होऊन पुण्याला स्थायिक झाले होते. आईच्या सगळ्या शंका त्यांनी पाच मिनिटांत मिटवल्या. मांडी घालून बसले, नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत रस्सा ओरपला, दुसऱ्यांदा मागून घेतला, आणि म्हणाले, 'वहिनी, असं जेवण आमच्याकडे सणालासुद्धा होत नाही.' आईचा चेहरा इतका उजळलेला मी फार कमी वेळा पाहिला. बाबांचं मात्र जेवणात लक्ष नव्हतं. साहेबांचा हात वाळायच्या आत ते म्हणाले, 'साहेब, जरा वर येता का?'

आम्ही वर गेलो. मी मागून ताकाचे पेले घेऊन. साहेब जिन्याच्या दारातच थबकले. मग एकाही रेघेवर पाय न ठेवता ते सबंध विमानाभोवती हिंडले. पोटापाशी वाकून त्यांनी विचारलं, 'हवा आत घ्यायचं तोंड पुढे आणलंत?'

'हो साहेब. पूर्वी होतं तिथे पंखाच्या मुळाशी हवा घुसळत होती. भांडुपला ब्लोअरवर काम करताना लक्षात आलं.'

'छान आहे,' साहेब म्हणाले. 'फार छान आहे, मेश्राम.' मग हसल्यासारखं करत म्हणाले, 'पण हे असं उघड्यावर काढायचं? गुपित आहे हो हे.'

'कसलं गुपित, साहेब? नसलेल्या विमानाचं?' बाबाही हसले. मग त्यांना राहवलं नाही. 'कधी बोलावताय सांगा. कुंदाचं कॉलेज इथेच राहील, तिची आई इथे राहील. मी उद्या निघतो.'

डोक्यावरून एक विमान आलं. ते खाली उतरून आवाज विरेपर्यंत दोघं तसेच उभे राहिले. मग साहेब म्हणाले, 'उन्हात नको. सावलीत बसू.'

टाकीच्या सावलीत ते दोघं बसले. मी पेले धरून उभीच. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पण घातला नाही.

'मेश्राम, काही उघडलेलं नाही. उघडणारही नाही. मी वेगळंच सांगायला आलोय. आता नोकरी नाही, कुणाची भीती नाही, आणि तुम्ही माझ्या निवृत्तीला पाठवलेल्या शुभेच्छांतसुद्धा पाकोळीचंच लिहिलं होतंत. ते वाचून मला झोप लागेना. दिल्लीच्या त्या शेवटच्या बैठकीत मला एकच प्रश्न विचारला गेला. हे बांधलं तर उडवायला तुमच्या मुलाला बसवाल का? मी नाही म्हणालो. तिथे संपलं. बाहेरच्या विमानवाल्यांनी नाही, मंत्र्यांनी नाही. मीच बंद केलं.'

बाबा बोलले ते स्वतःच्या गावच्या बोलीत. साहेबांशी ते तसं कधी बोलत नसणार.

'काहून?'

'तुमचं गणित कागदावर बरोबर होतं. पण पंख पिळायला लागला तर तो थांबेल असा धातू आपल्याकडे नव्हता. मला तरी खात्री नव्हती.'

'मला होती खात्री.'

'माहीत आहे.'

'मग मला काहून नाही नेलं बैठकीला? मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. ही उभी आहे ना,' बाबांनी माझ्याकडे बोट केलं, 'हिला बसवलं असतं मी. माझ्या पोरीला.'

'तेच,' साहेब अगदी हळू म्हणाले. 'तुम्ही बसवलं असतंत. म्हणूनच नेलं नाही.'

मी हातातले पेले खाली ठेवले. त्या क्षणी मला काय वाटलं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. भीती वाटली हे खरं. आणि त्यांनी मला बसवलं असतं, इतका त्यांचा स्वतःच्या पंखांवर विश्वास होता, याचा अभिमान वाटला हेही खरं. आज माझी मुलगी चाळिशीकडे झुकली आहे. मला कुणी विचारलं तर मी तिला कशातही बसवणार नाही. साहेबांची बाजू मला कळते. पण तेव्हा ती कळून घ्यायची माझी तयारी नव्हती.

'इतकी वर्षं,' बाबा म्हणाले.

साहेब उठले. त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, बाबांनी तो झटकला नाही आणि धरलाही नाही. खाली आईने डब्यात पातोड्या बांधून ठेवल्या होत्या. तिला अजून काही माहीत नव्हतं. साहेबांनी तिला वाकून नमस्कार केला, तेव्हा ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. ते गेल्यावर मी सांगितलं. हातातलं भांडं खाली ठेवून ती म्हणाली, 'वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. शिव्या तरी देता आल्या असत्या.'

दुसऱ्या दिवशी बाबांनी गच्ची धुतली नाही. ते नेहमीच्या वेळी भांडुपला गेले. सावंतकाकांनीही विषय काढला नाही. मग कुणाचे गहू, कुणाच्या मिरच्या, पोरांचं क्रिकेट, असं पायाखाली जात जात ते विमान फिकट झालं. शेपटाचा तुकडा कठड्यापाशी बरेच दिवस दिसत होता. बाबा त्यानंतर गच्चीवर कधी गेले नाहीत. खाकी कागदही पुन्हा पसरला नाही. पुढची खोली मोकळी झाली. आईने तिथे दोन खुर्च्या ठेवल्या, कॅलेंडर लावलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला बसायला जागा झाली. तिला किती वर्षं ते हवं होतं. पण महिनाभरातच तिला ते बघवेना. संध्याकाळी बाबा त्यातल्या एका खुर्चीत येऊन बसायचे, चहा प्यायचे, आणि रेडिओ लावला तर ऐकायचे, नाही लावला तर नाही. एकदा तीच स्टेशनजवळून कोरे मोठे कागद घेऊन आली. 'काढा ना काहीतरी,' म्हणाली.

'काय काढू?'

'काहीही काढा. तुमचं इमान काढा.'

दोन दिवसांनी त्या कागदावर बाबांनी तिच्या मसाल्याच्या बरण्यांसाठी फळी काढून दिली, कप्पे, माप, सगळं व्यवस्थित. ती मात्र लगेच बांधून झाली. उरलेले कागद आईने कपाटात वर्तमानपत्राऐवजी अंथरले.

काही वर्षांनी, मी बँकेत नोकरीला लागल्यावर, लायब्ररीत एक परदेशी मासिक चाळत होते आणि एका पानावर माझा हात थांबला. आकाशात विमान होतं आणि त्याचे पंख पुढे झुकलेले होते. दुसऱ्या एका देशाने ते बांधलं होतं, नव्या प्रकारच्या हलक्या, न पिळणाऱ्या पंखांनी, आणि ते उडत होतं. पुढे त्यांनीही तो नाद सोडला, पण ते मला नंतर कळलं. त्या दिवशी मी मासिक घेऊन जवळजवळ पळत घरी आले. बाबा खुर्चीत होते. मी पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. 'बाबा, बघा. तुमचंच आहे. तुम्ही बरोबर होतात!'

त्यांनी चष्मा लावला. चित्र जवळ घेतलं, लांब धरलं. पंखाच्या मुळावरून बोट फिरवलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, आनंद कुठून सुरू होतोय ते शोधत.

'उडालं का हे?' त्यांनी विचारलं.

'हो! लिहिलंय ना. कितीतरी वेळा.'

'मग हे बरोबर आहे,' ते म्हणाले.

'आणि तुमचं?'

'माझं काय? यांनी बांधलं, म्हणून यांना कळलं. माझ्या पंखात पोलाद होतं. ते टिकलं असतं का तुटलं असतं, साहेब बरोबर होते का मी, ते आता कुणालाच कळायचं नाही. मलासुद्धा नाही.' त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. 'पडलं असतं ना कुंदे, तरी चाललं असतं मला.'

आतून आईने ताटं वाढल्याची हाक मारली. बाबांनी मासिक मिटलं, त्याचा दुमडलेला कोपरा बोटाने सरळ केला आणि माझ्या हातात दिलं.

'लायब्ररीचं आहे ना? परत करून टाक,' म्हणाले, आणि जेवायला उठले.